मोर कुणाचा, कार्ड कुणाचं? फॅन फिक्शनचं पुस्तक होतं तेव्हा

मागच्या महिन्यात भाची आली ती चपला काढायच्या आधीच मोबाइल माझ्या हातात देऊन उभी राहिली. एका प्रकाशकाचा निरोप होता. तिची ऑनलाइन कथा त्यांना पुस्तक म्हणून छापायची होती. अट एकच: पात्रांची नावं तेवढी बदलून द्या.

"नावं बदलली की झालं की गं, मावशी," ती म्हणाली. पण तेवढ्यानं खरंच भागत असतं, तर ती माझ्याकडे आलीच नसती.

मी सोलापुरात पंचवीस वर्षं मुद्रितं तपासते. लेखकांची करारपत्रं, ऋणनिर्देशाची पानं, 'सर्व हक्क स्वाधीन'ची ओळ हे सगळं रोज डोळ्यांखालून जातं. भाचीचा प्रश्न मात्र नवा होता. तिच्यासोबत बसून जे समजून घेतलं ते इथे लिहिते आहे, कारण मोबाइलवर मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी मुलामुलींपुढे हा प्रश्न उद्या येणार आहे.

फॅन फिक्शन म्हणजे चाहत्यानं लिहिलेली गोष्ट. एखादी मालिका किंवा कादंबरी मनात घर करते, ती संपली तरी पात्रं डोक्यातून जात नाहीत, आणि मग चाहता स्वतःच लिहायला बसतो. मूळ कथेत मेलेला माणूस इथे जगतो. तुटलेलं लग्न जुळतं. कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी असणारी जाऊ नायिका होते. माझ्या भाचीचंही तसंच झालं. एका मालिकेत लग्नानंतर नायिकेनं नोकरी सोडली, घर सांभाळलं आणि मालिका संपली. भाचीला ते पटलं नाही. तिनं त्या नायिकेला सोलापुरात आणलं, बापाचा बंद पडलेला यंत्रमागाचा कारखाना तिच्या हाती दिला आणि दोन वर्षांत 91 भाग लिहिले.

पात्रं तीच आणि जग वेगळं, या प्रकाराला लिहिणारे 'एयू' म्हणतात, म्हणजे पर्यायी विश्वातली गोष्ट. हा शब्द ध्यानात ठेवा. पुस्तकं होतात ती बहुतेक अशाच गोष्टींची, कारण त्या मूळ कथेपासून आधीच बऱ्याच लांब गेलेल्या असतात.

हे सगळं लेखन फुकट असतं, आणि ते फुकट आहे म्हणूनच टिकून आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे अशा कथांचं जगातलं एक मोठं भांडार. 2007 साली स्थापन झालेली एक ना-नफा संस्था ते देणग्यांवर चालवते. तिथे जाहिरात नाही, वाचकाकडून वर्गणी नाही, आणि लेखकानं आपल्या कथेसाठी पैसे मागायलाही मनाई आहे. 2019 मध्ये या भांडाराला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. 'आम्ही यातून एक पैसाही कमावत नाही' हीच तिथल्या लेखकांची ढाल. मूळ लेखक आणि मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा काणाडोळा करतात तो याच ढालीमुळे.

मग पैसा आला कसा? सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'चं. ही आधी 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेतल्या नायक-नायिकेवर लिहिलेली, वेगळ्या नावाची फॅन फिक्शन होती. व्हॅम्पायर काढून टाकलेली एयू कथा. नावं बदलून 2011 मध्ये तिचं पुस्तक निघालं आणि 2014 पर्यंत त्या मालिकेच्या 10 कोटींवर प्रती खपल्या. 'ट्वायलाइट'च्या लेखिकेनं खटला भरला नाही. त्या आकड्यानं प्रकाशकांचे डोळे उघडले. 'आफ्टर' ही कादंबरी वॉटपॅड या कथा लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर 'वन डिरेक्शन'च्या गायकांबद्दलची कथा म्हणून 2013 मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी पुस्तकाच्या दुकानात आली. 2021 ची 'द लव्ह हायपोथिसिस' मुळात 'स्टार वॉर्स'मधल्या जोडीची गोष्ट, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणून बसवलेली. 2025 मध्ये तर हॅरी पॉटरच्या जगातून निघालेल्या तीन कादंबऱ्या एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात मोठ्या प्रकाशकांनी छापल्या.

या कामाला इंग्रजी प्रकाशनविश्वात नंबर घासून काढणं म्हणतात. चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर घासतात, तसं. हा शब्द वापरणाऱ्यांनाच यात काहीतरी खटकतंय, हे त्यातून कळतं. काय खटकतंय ते समजायला आधी कायदा पाहू.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पंच करायचे. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, आडव्या एका ओळीला एक पुठ्ठ्याचं कार्ड. जिथे धागा उचलायचा तिथे भोक पाडायचं. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना बांधून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढायची, आणि खाली चादरीत मोर उमटायचा. एकदा एक कारखानदार दुसऱ्याची चादर घेऊन आमच्या घरी आले. ओसरीवर पसरली आणि म्हणाले, हीच नक्षी धागे मोजून उतरवून द्या. वडिलांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "मोर पाहिजे तर नवा काढून देतो. मोर काय कुणाच्या मालकीचा नाही. पण हे कार्ड त्या माणसानं पाडलंय."

कॉपीराइटचा निम्मा कायदा एवढ्यात येतो. कल्पनेवर, विषयावर, कथेच्या ढोबळ सांगाड्यावर कुणाची मालकी नसते. ती असते मांडणीवर. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच ठरवलं. एका नाटककारानं सिनेमावाल्यांवर नक्कल केल्याचा दावा लावला होता. न्यायालय म्हणालं, विषय एक असला तरी हरकत नाही. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असं स्पष्ट वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही, आणि नाटककार हरले. गरीब मुलगी आणि श्रीमंत तिरसट मुलगा हा मोर झाला. तो कुणीही काढावा.

पात्रांचं मात्र तेवढं सोपं नाही. नीट घडवलेलं, एकमेव असं पात्र स्वतःही संरक्षणाला पात्र ठरू शकतं. 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे तत्त्व मान्य केलं, जरी त्या वेळी तातडीची मनाई दिली नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. चपळ पोरगा ही कल्पना सगळ्यांची. पण बनेश फेणे हे नाव, ती सायकल, तोंडातून निघणारं ते 'ट्टॉक' असं सगळं उचललंत, तर कार्ड उचललंत. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे 2061 संपेपर्यंत फेण्याची नवी साहसं छापून विकायची तर त्यांच्या वारसांना विचारावंच लागेल.

आणखी दोन गोष्टी भाचीला माहीत नव्हत्या. 1957 च्या कायद्यात रूपांतराचा हक्क मूळ हक्कदाराचाच आहे. खासगी वापर, समीक्षा, अभ्यास यांना सूट आहे, पण 'चाहत्याचं लेखन' अशी वेगळी सूट कुठेच नाही. शिवाय कलम 57 लेखकाला नैतिक हक्क देतं. हक्क विकून टाकले तरी, आपल्या कृतीची आपली बदनामी होईल अशी मोडतोड कुणी केली तर लेखक त्याला अडवू शकतो.

फुकट आणि विकत यांच्यातली रेघ किती धारदार असते ते अमेरिकेतल्या दोन प्रकरणांत दिसतं. हॅरी पॉटरच्या एका चाहत्यानं त्या जगाचा कोश संकेतस्थळावर मांडला होता. खुद्द रोलिंगबाईंनी 2004 मध्ये त्याचं कौतुक केलं. तोच कोश छापून विकायचं ठरलं तेव्हा त्या न्यायालयात गेल्या आणि 2008 मध्ये त्यांनी ते पुस्तक थांबवलं. पण गंमत पुढे आहे. मूळ मजकुराची उचल कमी करून, स्वतःचं भाष्य वाढवून तेच पुस्तक 2009 मध्ये रीतसर निघालं. दुसऱ्या गृहस्थानं टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकथेचा पुढचा भाग परस्पर लिहून विकायला काढला, आणि वर टॉल्किनचे वारस आणि ॲमेझॉन यांच्यावरच खटला भरला की तुमच्या मालिकेनं माझी चोरी केली. 2023 च्या शेवटी न्यायालयानं त्याला सगळ्या प्रती नष्ट करायला लावल्या आणि समोरच्यांच्या वकिलीच्या खर्चापोटी 1 लाख 34 हजार डॉलर भरायला सांगितलं.

कायद्याचं एवढं पुरे. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते.

कायदा लेखकाला सांगतो: इतकं बदल की मूळ कुणाला ओळखू येऊ नये. आणि आपलं मन सांगतं: कुणाकडून घेतलंस ते उघड सांग. हे दोन सल्ले एकमेकांच्या उलट जातात. जितकं झाकाल तितके कायद्यात सुरक्षित, आणि जितकं झाकाल तितकं मनाला खुपतं. नाव बदलण्याचा सगळा पेच यात आहे. भाचीला तो नेमका जाणवला होता, फक्त शब्द सापडत नव्हते.

तिनं वाद घातला, आणि बरोबर घातला. "मग 'मृत्युंजय'चं काय? कर्ण काय शिवाजी सावंतांनी जन्माला घातला?" नाही घातला. पण 1967 च्या त्या कादंबरीत कर्ण कर्ण म्हणूनच येतो. महाभारत सगळ्यांचं आहे, त्याच्या हक्कावर कुणाचं पोट अवलंबून नाही, आणि उगम झाकायची गरज लेखकाला पडत नाही. वाचकही पुस्तक उघडतो तेव्हा काय घेतलं आणि काय नवं विणलं हे स्वतः पारखू शकतो. पुस्तक झालेल्या फॅन फिक्शनमध्ये वाचकाच्या हातातली हीच पारख काढून घेतली जाते.

आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गात. त्या आर्या लोकांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बिदागी त्यांना मिळत असेल, टाळी त्यांना मिळत असेल, पण आर्या मोरोपंतांच्याच राहिल्या. याच्या उलट तुकोबांच्या वेळचा सालोमालो. तो अभंग घ्यायचा आणि नाममुद्रा तेवढी स्वतःची लावायचा. तुकोबांनी त्याच्यावर अभंगच लिहिला: संतांची वचनं मोडून हे स्वतःचे दागिने घडवतात. दोघंही दुसऱ्याच्या शब्दांवर उभे होते. एकानं नाव सांगितलं, दुसऱ्यानं पुसलं.

माझं मत स्पष्ट आहे. फॅन फिक्शनचं पुस्तक करण्यात मुळात पाप नाही. नव्या लेखकाला हात साफ करायला याहून चांगली जागा नाही, आणि दोन वर्षं राबलेल्या मुलीला चार पैसे मिळाले तर ते तिच्या कष्टाचे आहेत. प्रश्न तिनं किती स्वतः विणलं हा आहे. नावं पुसल्यावरही जी गोष्ट उभी राहते, ती तिची. नावं पुसताच जी कोसळते, जिचा नायक 'असा का वागतो' याचं उत्तर फक्त मालिका पाहिलेल्यालाच कळतं, ती अजून तिची झालेली नाही. हा कस घरबसल्या लावता येतो. मालिका न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. मी मालिका पाहिली नव्हती. भाचीचे पहिले 20 भाग मला अर्धे कळलेच नाहीत. नायकाचा राग कुठून येतो हे पानावर नव्हतंच, ते टीव्हीवर होतं. चाळिसाव्या भागापासून मात्र मला झोप लागली नाही.

प्रकाशकाची एक सवय मला फार खटकते. नावं बदलायला लावायची, आणि जाहिरात करताना 'ती लाडकी जोडी आठवतेय ना?' असं कुजबुजायचं. म्हणजे मूळ लेखकाला देणं द्यायचं नाही आणि त्याच्या नावावर माल मात्र खपवायचा. आपल्या गावाला हे दुखणं नवीन नाही. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असतानाही कुठल्याही गावचा माल 'सोलापुरी' म्हणून रस्त्याच्या कडेला विकला जातो. ज्या विणकराच्या नावावर तो खपतो त्याच्या हातात काही पडत नाही.

आणि आता ते देणं, ज्याचा कायद्यात उल्लेखही नाही. वाचकांचं.

भाचीनं मला जुन्या भागांखालचे अभिप्राय उघडून दाखवले. सतराव्या भागात नायकाच्या वडिलांना दवाखान्यात ठेवतात. रात्री अडीचला एका वाचकाचा अभिप्राय: 'ताई, सलाइन असं लावत नाहीत, मी आत्ता ड्यूटीवर आहे, थांबा सांगते.' खाली बारा ओळींत सगळं नीट लिहिलेलं. भाचीनं तो प्रसंग दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. अक्कलकोटच्या एका वाचकानं विचारलं होतं, सासू नुसती चिडतेच का, तिला कुणी कधी विचारलं नाही का काही? त्या प्रश्नातून चाळिसावा भाग जन्मला, आणि मला झोप लागू दिली नाही ती तिथूनच. एका बाईंनी तिसाव्या भागापासून पुढच्या प्रत्येक भागाचं ऱ्हस्वदीर्घ तपासून पाठवलं. हे काम करण्याचे मला पैसे मिळतात. त्यांना काही मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही.

कायद्यानं सूचना देणारा सहलेखक होत नाही. एखाद्यानं लिहून दिलेला परिच्छेद जसाच्या तसा घेतला असेल तरच त्या परिच्छेदावर त्याचा हक्क. पण या माणसांनी वेळ दिला तो ही गोष्ट सगळ्यांची आहे, फुकट आहे, या समजुतीवर. सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळ्या आळीनं हात लावावा आणि संध्याकाळी तोच शिरा वाटी-वाटीनं विकायला मांडलेला दिसावा, असं त्यांना वाटलं तर ते चूक म्हणता येणार नाही. एका रात्रीत ऑनलाइन कथा गायब करणं, आणि महिन्याभरानं तीच साडेतीनशे रुपयांत समोर ठेवणं, हे मला खरोखर चुकीचं वाटतं. सांगून काढणं वेगळं. 2025 मध्ये आलेल्या 'अल्केमाइज्ड'च्या लेखकानं हॅरी पॉटरवरची आपली मूळ कथा काढून घेण्याआधी कित्येक महिने वाचकांना कळवलं होतं. तिथे आणखी एक गुंता होता. परकी माणसं त्या फुकट कथेच्या बांधीव प्रती करून परस्पर विकत होती. लेखकाला एक दमडी नाही, आणि 'आम्ही पैसे कमावत नाही' ही ढाल मात्र त्या विक्रीनं फुटत होती. असा धंदा करणाऱ्यांची बाजू मला कुठूनही घेता येत नाही.

जिवंत माणसांवरच्या कथांबद्दल थोडक्यात. पात्र कागदाचं असतं, नट हाडामांसाचा. त्यांच्यावर प्रेमकथा लिहून मैत्रिणींत वाचणं आणि त्या विकणं यांत माझ्या लेखी फार अंतर आहे. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा, इतकंच काय त्यांचं 'झकास' सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. भाचीच्या प्रकाशकानं मुखपृष्ठासाठी पाठवलेल्या नमुना चित्रातला तरुण त्या मालिकेतल्या नटासारखा हुबेहूब होता. ते चित्र मी पहिलं परत पाठवायला लावलं.

दुसरं करारपत्र. त्यात एक ओळ ठरलेली असते: हा मजकूर माझा स्वतंत्र आहे, त्यानं कुणाच्या हक्काचा भंग होत नाही, झाल्यास जबाबदारी लेखकाची. नावं बदलायला सांगतो प्रकाशक, आणि नोटीस आली तर उभी राहणार बावीस वर्षांची मुलगी. ही ओळ वाचल्याशिवाय कुणी सही करू नका. 'आम्ही बघून घेऊ' असं तोंडी सांगतात, तेच कागदावर मागा.

भाचीनं सही केलेली नाही. सहा महिने मागून घेतले आणि प्रकाशकानं दिले. ती पहिल्या भागापासून पुन्हा लिहिते आहे. मालिकेतला पुण्याचा बंगला गेला, साखर पेठेतलं दोन खोल्यांचं घर आलं. नायकाच्या रागाला आता स्वतःचं कारण आहे, बापानं गहाण टाकलेले चार माग. ऋणनिर्देशात ती लिहिणार आहे की या कथेचं बीज एका मालिकेच्या शेवटावर रुसून पडलं. मालिकेचं नाव छापायचं की नाही ते वकिलांना विचारूनच ठरेल, पण बीज बाहेरून आलं हे झाकायचं नाही, एवढं पक्कं.

परवा तिनं शेवटच्या भागाखाली सूचना लावली. पुस्तक होतं आहे, जुनी कथा येत्या दिवाळीपर्यंत इथेच राहील, ज्यांनी मदत केली त्यांची नावं छापायची आहेत, कुणाची हरकत असेल तर कळवा. दोघांनी रागानं लिहिलं. तिनं त्यांना उत्तरं दिली, एकही अभिप्राय पुसला नाही. रात्री उशिरा सलाइनवाल्या ताईंचं उत्तर आलं: 'माझं नाव नको, दवाखान्यात कळेल. "रात्रपाळी" एवढंच छापा. आणि त्या प्रसंगात सुई डाव्या हाताला दाखवलीय, नंतर उजव्या हाताला पट्टी आहे. तेवढं बघा.'